क्ष म्हणजे बास्केट की गुण?

मा. संपादक,

खेळातल्या गुणांवरची शाब्दिक उदाहरणे एकसामयिक समीकरणांच्या धड्यात हमखास असतात. ती चुकतात तेव्हा आकडेमोड बहुधा बरोबर असते; घोटाळा 'समजा' या शब्दापाशीच झालेला असतो.

उदाहरणार्थ, बास्केटबॉलमध्ये एका खेळाडूने १७ बास्केट करून ४१ गुण मिळवले. काही बास्केट दोन गुणांच्या, उरलेल्या तीन गुणांच्या. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारी एका गुणाची मोकळी फेक, एकही नाही. तर प्रत्येक प्रकारच्या किती? 'समजा, दोन गुणांचे क्ष' एवढेच लिहिले तर पुढे गोंधळ होणारच. क्ष ही बास्केटची संख्या, की त्यांतून मिळालेले गुण? संख्या मानली तर क्ष + य = १७ आणि २क्ष + ३य = ४१. पहिल्या समीकरणाची दुप्पट दुसऱ्यातून वजा केली की क्ष चा लोप होऊन य = ७ आणि मग क्ष = १०. गुण मानले तर क्ष + य = ४१ आणि क्ष/२ + य/३ = १७. हेही बरोबरच, फक्त उत्तर २० आणि २१ येते. तेच बास्केट म्हणून लिहिले की हातचे गुण गेले!

त्या वजाबाकीचा अर्थ मुलांना सांगायला हवा. सगळ्या १७ बास्केट दोन गुणांच्या धरल्या तर ३४ गुण होतात, म्हणजे ७ कमी पडतात. तीन गुणांची प्रत्येक बास्केट एक गुण जास्त देते, म्हणून तशा ७.

क्ष ऐवजी १७ − य ठेवणारे २(१७ − य) चा कंस सोडवताना ३४ − य लिहितात. मग य = ३.५ येतो. साडेतीन बास्केट कोणी करत नाही, तेव्हा अपूर्णांक दिसताच मागे वळून पाहावे.

फुटबॉलच्या उदाहरणात खाच वेगळी. २० सामने, ५ पराभव, ३३ गुण. विजयाचे ३, बरोबरीचा १. पराभवाचे गुण शून्य, पण सामने मोजावे लागतातच. म्हणून क्ष + य = १५, ३क्ष + य = ३३; विजय ९, बरोबरी ६. पंधराऐवजी वीस घेतले की विजय साडेसहा! गुणांचा नियमही प्रश्नातच द्यावा. विश्वचषकात विजयाला ३ गुण १९९४ पासून मिळू लागले, त्याआधी २ मिळत.

आता प्रश्न काढणाऱ्यांविषयी. '२४ यशस्वी फेकी, ४८ गुण, फ्री थ्रो आणि तीन गुणांच्या बास्केट समान' असे उदाहरण वरवर नेटके वाटते. तीन चले, तीन अटी. पण एक आणि तीन यांची सरासरी दोनच, त्यामुळे त्या दोन संख्या समान असल्या की एकूण गुण फेकींच्या दुप्पट होणारच. तिसरी अट नवे काहीच सांगत नाही आणि तीन गुणांच्या बास्केट ० पासून १२ पर्यंत कितीही चालतात. ४८ चे ४७ केले तर उत्तरच नाही. त्याऐवजी फ्री थ्रो दुप्पट आणि एकूण गुण ४३ ठेवावेत: तीन गुणांच्या ५, फ्री थ्रो १०, दोन गुणांच्या ९. १५ + १० + १८ = ४३.

— एक गणित शिक्षक