चि. ओंकारला

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "पप्पा, ग्लोव्हज ठेवले, आता फुटबॉल क्लबाच्या स्काउटिंगला, म्हणजे नवी पोरं हेरायला बसणार" म्हणालास, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. म्हणून नुसतं "बरं" म्हणालो. आई म्हणते, तुला ते लागलं. सव्विसाव्या वर्षी कोण खेळ सोडतं, एवढंच माझ्या मनात आलं होतं. तू म्हणालास, मोंचीचं वाचा, मग बोलू. वाचलं. पिंटूनं मोबाइलवर काढून दिलं.

माणूस भारी आहे, कबूल. स्पेनमधल्या काडिझकडच्या सान फर्नांदोचा पोरगा, तिथल्याच सेव्हिया क्लबाचा गोलकीपर, पण वर्षानुवर्षं राखीव. उन्सुए खेळायचा आणि हा बाकावरून बघायचा. 1992-93 ला खुद्द मॅराडोना त्या संघात होता रे! तू हे मला आधी का नाही सांगितलंस? 1999 ला त्यानं खेळ थांबवला. पुढच्या वर्षी क्लब दुसऱ्या डिव्हिजनला घसरला, तिजोरीत खडखडाट, आणि अशा वेळी याच्या गळ्यात स्पोर्टिंग डायरेक्टरची, म्हणजे खेळाडू घ्यायच्या-विकायच्या कामाची माळ. तो निदान तिशीपर्यंत खेळला होता. असो, त्यावर बोलायचं नाही असं ठरवलंय.

घरची पोरं घडवायची आणि बाहेरून कुणाचं लक्ष नाही असे खेळाडू स्वस्तात हेरायचे, असं त्याचं काम. ब्राझीलच्या बाहियातून दानी आल्वेस आणला, 2008 ला बार्सिलोनाला कितीतरी पट किमतीला दिला. 2006 ला आइंडहोवनमध्ये इंग्लंडच्या मिडल्सब्रोला 4-0 नं धुतलं आणि युरोपातल्या क्लबांचा यूईएफए कप घेतला, पुढच्या वर्षी पुन्हा. मग 2014 ते 2016 सलग तीनदा युरोपा लीग, म्हणजे तोच कप नव्या नावानं. जीएसटीचे कागद शोधताना तुझं जुनं बिलबुक सापडलं. पावत्यांच्या पाठीमागं तुझ्या कोंबडीपायी अक्षरात कुठल्या तालमीच्या फुटबॉल संघातला कोण पेनल्टी कुठल्या बाजूला मारतो ते लिहिलंय. "डावीकडं बघतो, उजवीकडं मारतो." शाहू स्टेडियमवर तू बाकावर बसायचास आणि मी गॅलरीत चरफडायचो, तेव्हा तुझं हे चाललेलं. आईला दाखवलं. ती म्हणाली, मला माहीत होतं.

पण ओंकार, त्याच लेखात सेर्खिओ रामोसचं आहे. अकादमीत वाढलेला एकोणीस वर्षांचा पोर, 2005 ला रेआल माद्रिदला 2 कोटी 70 लाख युरोला गेला. त्याआधी तिथलाच रेयेस इंग्लंडच्या आर्सेनलला. हे विकणं तरी निभेल, त्यात पोराचंही भलं असतं. ज्यांना कुणी विकत घेत नाही त्यांचं काय? सोळा वर्षांच्या पोराला समोर बसवून "तू नको" म्हणायचं काम तुझ्याकडं येणार. आपल्या म्हशीचं रेडकू विकलं तेव्हा तू दोन जेवणं सोडलीस आणि गोठ्यात जाऊन बसलास. आजीनं दूध-भाकरी तिथं आणून दिली. तुला जमेल का रे हे?

उपदेश करत नाही. फक्त एवढं कर, सांगायचंच झालं तर तोंडावर सांग, पोराच्या बापालाही बोलाव. तुझं नाव कटलं ते आपल्याला नोटीस बोर्डावर कळलं होतं. तिथून एसटी स्टँडपर्यंत तू माझ्यापुढं चार पावलं चालत होतास, मागं वळला नाहीस. मी हाक मारली नाही. काय बोलणार होतो?

बघ, झालाच उपदेश. सोडून दे.

सेव्हियाच्या पुएर्ताचंही वाचलं. बावीस वर्षांचा, त्याच अकादमीतला, 2007 च्या ऑगस्टमध्ये मैदानात कोसळला आणि तीन दिवसांनी गेला. आई शेजारी बसली होती, म्हणून तो भाग मोठ्यानं वाचला नाही.

इटलीतल्या रोमच्या क्लबाचं मात्र मला आवडलं. 2017 ला मोंची तिकडं गेला. पहिल्याच वर्षी संघ चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला, आणि त्याच उन्हाळ्यात गोलकीपर आलिसन लिव्हरपूलला विकला. लोक खवळले. 2019 च्या मार्चमध्ये बाहेर. मग गडी परत सेव्हियात, 2020 ला पुन्हा युरोपा लीग. 2023 ला बुडापेस्टला फायनल कुणाशी, तर रोमशीच! पेनल्टीवर जिंकले. त्यानंतर इंग्लंडच्या अ‍ॅस्टन व्हिला क्लबाला गेला. म्हणजे नाही जमलं तर घरी यायला लाज वाटायचं कारण नाही. तुझी खोली आहे तशी आहे. शिलाई मशीन ठेवलंय फक्त, ते हलवता येईल.

जमेल तुला, बिलबुक बघून तसं वाटतं. पण त्या सोळा वर्षांच्या पोराचं मला सांग, पहिल्यांदा असा प्रसंग आला की रात्री फोन कर. कितीही वाजू देत.

पगार आईला सांगितलास, मला नाही. आजी सगळ्या गल्लीला सांगत सुटलीय की नातू साहेब झाला, आणि कसला साहेब असं विचारलं की माझ्याकडं बोट दाखवते. तिला रविवारी फोन करून तूच काय ते सांग.

तुझे,
पप्पा