बंदुकीचं लायसन मिळतं, ती शिकवणारा मास्तर कुठे मिळतो? गृहमंत्र्यांना नागपूरहून खुलं पत्र

मा. गृहमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात एअर रायफल आणि एअर पिस्तूल शिकवते. भाड्याचा हॉल आहे, दहा मीटरची रेंज आहे, संध्याकाळी पोरंपोरी येतात, परीक्षा आली की अर्धी गायब होतात, एवढाच माझा कारभार. कॉलेजात एनसीसी केली तेव्हापासून या नादाला लागले ते आजपर्यंत. आधीच सांगून टाकते म्हणजे तुमच्या पीएंना वाटायला नको की ही बाई पिस्तुलाच्या लायसनसाठी वशिला लावतेय. मला बंदूक नकोय साहेब. मला बंदुकीची सेफ्टी शिकवायचीये, सरकारी परीक्षा देऊन, सरकारी शिक्क्यानं, आणि ते नेमकं कुठून करायचं हे मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. माझ्यासारखे अजूनही असतील म्हणून पत्र घरी न पाठवता उघडच लिहितेय.

तुम्हाला कायदा मी काय सांगणार, पण वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. १९५९ चा शस्त्र कायदा, त्याखाली आधी १९६२ चे नियम होते, ते जाऊन २०१६ चे आर्म्स रूल्स आले. या नव्या नियमांत लायसन मागणाऱ्यासाठी सेफ्टी ट्रेनिंग आहे. शस्त्र हातात कसं धरायचं, घेऊन कसं फिरायचं, फायर कसं करायचं, साफसफाई कशी ठेवायची, घरी कुठं आणि कसं ठेवायचं, सगळं त्यात येतं. आणि हे शिकल्याचं सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म एस-१. कागदावर एकदम छान आहे, मी तर म्हणते ज्यानं लिहिलं त्याला कळत होतं. अडचण पुढं आहे. जिल्हा बदलला की पद्धत बदलते, कुठं पोलिसांच्या रेंजवर नेतात, कुठं क्लबवाले करतात, आणि कुठं काय करतात ते देव जाणे. माझ्याकडे लायसनवाले लोक अधूनमधून येतात, "मॅडम जरा हात बसवून द्या" म्हणतात, मी सगळ्यांना एकच विचारते की ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं. एकानं सांगितलं, पाच गोळ्या मारल्या, सही केली, चहा घेतला. कुठं, ते मी लिहीत नाही. चहा चांगला होता म्हणे.

आता यात बिघडतं काय ते सांगते, कारण ज्यांनी पिस्तूल हातात धरलेलं नाही त्यांना हे उगाच किरकिर केल्यासारखं वाटू शकतं. माझ्याकडे प्लास्टिकचं डमी पिस्तूल आहे, त्याचं मॅगझिन (गोळ्यांची पेटी) निघतं, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागं येते, डमी राउंड म्हणजे खोट्या गोळ्या भरता येतात. खरं शस्त्र मी हॉलच्या दारातूनही आत येऊ देत नाही. तर एक व्यापारी गृहस्थ आले होते, बत्तीस बोअरचं पिस्तूल घेऊन बरीच वर्षं झालेली, पट्ट्याला लावून लग्नाबिग्नाला जाणारे. त्यांना म्हटलं, भाऊ हे डमी जरा खाली, म्हणजे रिकामं, करून दाखवा. त्यांनी आधी स्लाइड ओढली, एक राउंड टणकन बाहेर पडला, मग मॅगझिन काढलं, आणि टेबलावर ठेवून म्हणाले, झालं खाली. झालं नव्हतं ना! स्लाइड ओढली तेव्हा मॅगझिन आतच होतं, त्यामुळं पहिला राउंड बाहेर पडला आणि दुसरा त्याच क्षणी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागं जिथून गोळी सुटते तिथं, जाऊन बसला. आधी मॅगझिन काढायचं, मगच स्लाइड ओढायची, आणि तेवढ्यावर विश्वास न ठेवता डोळ्यानं बघायचं, बोटानं चाचपायचं. दोन क्रियांचा क्रम उलटा झाला तर रिकामं समजून ठेवलेलं पिस्तूल भरलेलं असतं, आणि "साफ करताना गोळी सुटली" अशा ज्या बातम्या आपण वाचतो त्यातल्या कितीकांच्या मागं हीच गोष्ट असते. त्या गृहस्थांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता, त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

दुसरा प्रसंग मागच्या एका इलेक्शनचा. आचारसंहितेत लायसनची शस्त्रं पोलीस स्टेशनला जमा करायला लावतात ते तुम्हाला माहीतच आहे. मी पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला एका ठाण्यात बसले होते, तेवढ्यात एक काका आले, बारा बोअरची दुनळी, सोलापुरी चादरीत गुंडाळलेली. चादर सोडली तशी दोन्ही नळ्यांची तोंडं काउंटरमागच्या मुलीच्या पोटाकडं. हवालदार साहेब जुने होते, काही न बोलता त्यांनी नळी हातानं भिंतीकडं वळवली, बंदूक उघडली, आणि एका नळीतून काडतूस निघालं. काका म्हणाले, "अरे, हे राहूनच गेलं वाटते." राहूनच गेलं! म्हणजे ही बंदूक भरलेली घरी होती, भरलेली ऑटोत आली, आणि भरलेलीच ठाण्यात आली. त्या हवालदारांना मी मनातल्या मनात सॅल्यूट ठोकला.

यातूनच मला एक फुकटातली आयडिया सुचली. इलेक्शनच्या निमित्तानं शहरातली बरीच लायसनची शस्त्रं आपल्या पायानं ठाण्यात चालत येतात आणि निकालानंतर परत न्यायला माणसंही येतात. परत देताना अर्धा तास बसवा ना त्यांना. शस्त्र खाली कसं करायचं ते प्रत्येकानं डमीवर करून दाखवायचं, ज्याला जमलं त्यानं न्यावं, ज्याला नाही जमलं त्यानं पुढच्या आठवड्यात यावं. शिकवायला मी येते, मानधन नको. आणि दसऱ्याच्या आधी पण एकदा करा, कारण शस्त्रपूजेला कपाटातली बंदूक बाहेर निघते, पाटावर ठेवून हळदकुंकू वाहतात, घरातली सगळी लेकरं भोवती असतात, आणि ती खाली आहे का हे त्या गर्दीत कुणी बघत नाही.

तर मी म्हटलं आपण रीतसर इन्स्ट्रक्टर होऊ. एका कार्यालयात गेले, तिथं विचारलं, मॅडम मिलिटरीतल्या का? नाही. मग मिस्टर पोलिसात आहेत का? नाही हो, ते बँकेत आहेत, पण त्यांचा काय संबंध! दुसरीकडे म्हणाले, तुमचं खेळाचं कोचिंग वेगळं, हे लायसनचं वेगळं, आमच्याकडे येत नाही. तिसरीकडे एक सज्जन अधिकारी भेटले, त्यांनी नियमांचं पुस्तक काढून माझ्यासमोर वाचलं आणि शेवटी म्हणाले, ताई, तुमचं बरोबर आहे पण अर्ज कोणत्या नमुन्यात घेऊ ते मलाच समजत नाहीये. त्यांचा राग नाही आला. नमुनाच माहीत नाही तर तो माणूस तरी काय करेल?

खेळाचं वेगळं आहे हे मात्र अर्धं खरं आहे. आपल्या राज्यात नेमबाजीत काय कमी आहे का, अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं. नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये निघाली, तिचे पहिले अध्यक्षसुद्धा आपले दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. रेंजवरची शिस्त या खेळात कडक आहे, बोल्ट उघडा, नळीत नारंगी सेफ्टी फ्लॅग, कमांड मिळाल्याशिवाय हात लावायचा नाही, कुणी रेषेपुढं गेलं की सगळ्यांनी शस्त्र खाली ठेवून मागं व्हायचं. छर्रे शिशाचे असतात म्हणून पोरं डबा उघडायच्या आधी हात धुतात, नाही धुतले तर मी ओरडते. पण घरात उशीखाली पिस्तूल ठेवणाऱ्या माणसाला हे पुरत नाही. त्याला वेगळं शिकवावं लागतं. गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ली कुणाकडे, पाहुणे आले तर काय, पोराचे मित्र आले तर काय, दारू पोटात असताना कपाटाला हात लावायचा नाही. आणि घरात कुणी खूप दिवस उदास असेल, कर्जानं, आजारानं खचलेलं असेल, तर शस्त्र काही काळ घराबाहेर कसं काढायचं. विदर्भात राहून हा मुद्दा मी सोडूच शकत नाही. हे बोलायला जमतं असा मास्तर पाहिजे. दहापैकी दहा मारणारा नेमबाज चांगला मास्तर असतोच असं नाही, आणि मी तर दहापैकी दहा मारतही नाही.

अमेरिकेत १८७१ पासून त्यांची रायफल असोसिएशन आहे, तिथं इन्स्ट्रक्टरचा वेगळा कोर्स असतो, त्यात फक्त नेम बघत नाहीत, समोर उभं करून शिकवायला लावतात, आणि क्लासरूममध्ये जिवंत काडतूस आणायचं नाही हा पहिला नियम. तिथला बंदुकीचा कायदा आपल्याला नको हो, तो पसारा त्यांचा त्यांना लखलाभ. फक्त शिकवणाऱ्याचीही परीक्षा घ्यायची एवढी एक गोष्ट उचला. आपल्याकडे मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढायला आरटीओचं लायसन लागतं, शिकवणारा कोण ते सरकार बघतं. पिस्तुलाला तेवढंही नको?

आणि हे सुरू करायचं तर नागपुरातूनच करा. तुम्ही म्हणाल प्रत्येक जण आपल्याच गावाचं ओढतो, ओढतेच मी, पण जरा बघा. देशातल्या स्फोटकांच्या सेफ्टीचं हेडऑफिस, पेसो, आपल्या सेमिनरी हिल्सवर. आग विझवायला शिकवणारं नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज नागपुरात. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर, तिथंच एनसीसीच्या ऑफिसरांची अकादमी. हिंगणा रोडला एसआरपीएफ, म्हणजे राज्य राखीव पोलीस दल. अंबाझरीला आयुध निर्माणी. शस्त्र कळणारी माणसं इथं गल्लोगल्ली आहेत, रिटायर सुभेदार, हवालदार, आयुष्यभर रिक्रूट घडवलेले, आणि आज काय करताहेत तर एटीएमपुढं खुर्चीवर बसलेत. त्यांना हा कोर्स द्या, त्यांच्याकडून कॅश व्हॅनवाल्या पोरांना शिकवा. सीताबर्डीला कधी कॅश व्हॅन थांबली की गार्डकडं बघा, बारा बोअरची नळी स्वतःच्याच बुटावर टेकवलेली असते आणि बोट ट्रिगरवर. मी एकदा एकाला म्हटलं, दादा बोट बाहेर ठेवा. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी लुटायलाच आलेय.

गावाकडचं आणखी वेगळं. उमरेड, कुही, काटोलकडं रानडुकरांनी शेत उद्ध्वस्त होते, काही घरांत वडिलोपार्जित भरमार (तोंडाकडून दारू ठासायची जुनी बंदूक) आहे, दुनळी आहे. काटोलकडचे एक काका मला म्हणाले, "बाई, बंदूक माह्या बापाची हाये, मले तू काय शिकोतं?" मी म्हटलं, काका, नातू किती वर्षांचा? सहा. कपाटाची किल्ली कुठं असते? ते गप्प झाले, मग म्हणाले, "खुंटीले." त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलणारा मास्तर लागेल, मुंबईहून पीपीटी घेऊन आलेला नाही चालणार.

काही जण म्हणतील असं केलं तर बंदुका वाढतील. माझं उलट म्हणणं आहे, खरी परीक्षा ठेवली तर निम्मे हौशे परत जातील आणि जाऊ द्या. लायसन किती द्यायची ते तुम्ही ठरवा, कमी दिली तरी माझी तक्रार नाही. २०१९ च्या दुरुस्तीत एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं केली, ते चांगलंच झालं. लग्नात हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, तेही बरं झालं. पण त्याच दुरुस्तीत लायसनची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली, म्हणजे लायसनवाला नूतनीकरणाला साहेबासमोर उभा राहायचा तो आता पाच वर्षांनी राहणार. मधल्या काळात त्याला कोण बघतंय? निदान सुरुवातीला तरी त्याला नीट शिकवलेलं असू द्या.

नियम केंद्राचे आहेत हे मला कळतं. पण शहरात लायसन देतात पोलीस आयुक्त आणि ग्रामीणला जिल्हाधिकारी, दोघंही राज्याचेच. तुमच्या गृहखात्यानं एक परिपत्रक काढलं तर इतकं होऊ शकतं: इन्स्ट्रक्टर व्हायला अर्ज कुठं करायचा ते एका ओळीत लिहा, सिव्हिलियनला आणि बाईमाणसालाही तो करता येऊ द्या, लेखी घ्या, प्रॅक्टिकल घ्या, आणि शिकवून दाखवायला लावा. चारित्र्य पडताळणी तर आलीच. पास झालेल्यांची यादी वेबसाइटवर टाका, म्हणजे कुणाकडून एस-१ घेतला ते दिसेल, आणि न शिकवता सही करणाऱ्याचं नाव त्या यादीतून कायमचं काढा. फी अशी ठेवा की गार्डच्या पगारातून परवडेल. मुदत घाला, दर काही वर्षांनी आमचीही परत परीक्षा घ्या. मी नापास झाले तर घरी बसेन, पोरांना एअर रायफल शिकवेन, त्याला तर तसंही लायसन लागत नाही.

हिवाळी अधिवेशनाला तुम्ही डिसेंबरात इथं असालच. दहा मिनिटं दिलीत तर येते. डमी पिस्तूल गेटवर कुणी आत सोडणार नाही, सोडूही नये, म्हणून नुसता दोन पानांचा अभ्यासक्रम घेऊन येईन, तो मी लिहून तयार ठेवलाय.

आपली,
नागपूरची एक शूटिंग कोच