फ्लॉपी कोरी नाहीये, फॉरमॅट करू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार

जुन्या छापखान्यांची, छोट्या प्रकाशकांची कपाटं रिकामी होतायत आणि त्यातून निघालेले फ्लॉप्यांचे डबे सरळ भंगारात जातायत, त्याबद्दल लिहितोय. होतं काय, कोणीतरी यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह आणतं, फ्लॉपी घालतं, विंडोज विचारतं डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का, आणि झालं, फ्लॉपी मेली असं ठरतं. आमच्याकडे एका छापखान्यात तर चक्क 'हो' दाबलं. मजकूर गेला.

अहो, डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायची कामं कितीतरी ठिकाणी मॅकवर, अॅपलच्या कॉम्प्युटरवर व्हायची. मॅकची ८०० के (किलोबाइट) फ्लॉपी दिसायला पीसीसारखीच, ड्राइव्हमध्ये बसतेही, पण पीसीची ७२० के फ्लॉपी कायम मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरते आणि प्रत्येक ट्रॅकवर, म्हणजे गोल पट्ट्यावर, ९ सेक्टर (तुकडे), मॅकमध्ये मात्र वेग ट्रॅकप्रमाणे बदलतो, बाहेरच्या ट्रॅकवर १२ सेक्टर ते कमी होत होत आत ८, शिवाय बिट लिहायचं कोडिंगच निराळं. पीसीच्या कंट्रोलरला त्यातलं काही कळत नाही म्हणून तो डिस्क कोरी समजतो. १.४४ एमबीवालीचं सोपंय, ती पीसीची ड्राइव्हही वाचते, फक्त मॅकची एचएफएस फाइल सिस्टिम उघडणारं सॉफ्टवेअर लागतं.

८०० के साठी फ्लॉपी ड्राइव्ह असलेला जुना मॅक शोधा (१९९८ च्या आयमॅकपासून अॅपलने ड्राइव्ह काढायला सुरुवात केली), नाहीतर ग्रीसवीझल नावाचं छोटं बोर्ड मिळतं, ते पीसीच्या जुन्या साध्या ड्राइव्हला जोडायचं, यूएसबीवाल्याला नाही. ते डिस्कवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे उचलतं आणि त्यांचा अर्थ नंतर सॉफ्टवेअर लावतं. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९८५ मध्ये अमिगा नावाच्या कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं अशीच कच्चा डेटा उचलून २०१४ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला बाहेर काढली, तीही साध्या पीसीवर उघडली नसती.

आपल्याकडे पुढे अजून एक भानगड आहे, फाइल उघडली तरी मराठी युनिकोडमध्ये (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या कोडमध्ये) नसते, त्या वेळच्या फॉन्टच्या कोडमध्ये असते, त्यामुळे स्क्रीनवर नुसता कचरा दिसतो. तो कचरा नाहीये, फॉन्ट कळला की कन्व्हर्टरने मजकूर परत येतो, म्हणून फॉन्टच्या फ्लॉप्या पण ठेवा.

फ्लॉपी घालायच्या आधी कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा म्हणजे चुकून लिहिलं जाणार नाही. आणि माझी विनंती, मोठ्या ग्रंथालयांनी आणि विद्यापीठांनी निदान जिल्ह्यात एक तरी असं वाचायचं टेबल लावावं, दिवाळी अंकांचे आणि छोट्या प्रकाशकांचे डबे आधी घ्यावेत, कारण चुंबकीय थर दरवर्षी खराबच होत चाललाय.

- एक जुना डीटीपी ऑपरेटर, पुणे