‘धव’ आणि आपले जुने भांडण

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

आठ महिने तुला एक ओळही लिहिली नाही, याची मला मनापासून लाज वाटते. दादा गेल्यावर तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा ‘नंतर बोलते’ म्हणून मी तो ठेवून दिला. माझा गुडघा होता तसाच आहे, बाकी प्रकृती बरी. आज लिहायला बसले ते आपल्या एम.ए.च्या वर्षातल्या, ‘विधवा’ शब्दाच्या फोडीवरून झालेल्या त्या भांडणामुळे. तेव्हा तू बरोबर होतीस, शैला. हे मी तीस वर्षांपूर्वीच कबूल केले असते, तर परवा माझ्या हातून जे घडले ते घडले नसते.

परवा चिन्मयीच्या लग्नपत्रिकेचे प्रूफ आले. छापणाऱ्याने सवयीने वहिनीच्या नावाआधी ‘गं. भा.’ घातले होते, विधवेच्या नावाआधी लावतात ते ‘गंगाभागीरथी’. वहिनी चष्मा लावून, नेहमीसारखी एकेक वेलांटी तपासत खाली येत होती. त्या दोन अक्षरांपाशी तिची पेन्सिल थांबली. तिने ती खोडली नाहीत. त्यांच्याभोवती बारीक, सुबक चौकोन काढला आणि मला विचारले, “मीरा, तू एवढे संस्कृत शिकलीस. ज्या शब्दावर हे गंगेचे पाणी घालतात, त्या शब्दाचा खरा अर्थ तरी काय?” मी क्षणाचाही विचार न करता, वर्गात सांगावे तसे सांगून मोकळी झाले, “वि म्हणजे विना आणि धव म्हणजे नवरा.” वहिनी म्हणाली, “म्हणजे शब्दातसुद्धा हेच आहेत, मी कुठेच नाही.” आणि कुकर बंद करायला आत गेली.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा कपाटातून कोश काढले. इंग्रजी ‘विडो’ उघडला, कारण तू तेव्हा तिथूनच सुरुवात केली होतीस. जुन्या इंग्रजीत तो शब्द ‘विदुवे’ असा आहे. जर्मनमध्ये विट्वे, लॅटिनमध्ये विदुआ, रशियनमध्ये व्दोवा, फारसीतून आपल्याकडे आलेला बेवा, आणि आपला विधवा. या भाषा एकमेकींपासून दुरावण्याच्या आधीपासूनच हा शब्द त्यांच्या पूर्वजांच्या तोंडी होता, आणि त्याच्या मुळाशी जो धातू आहे त्याचा अर्थ ‘वेगळे होणे, रिते होणे’ एवढाच. ऋग्वेदात ‘विन्धे’ असे क्रियापद येते, उणे पडणे या अर्थाचे. तेही याच कुळातले. या शब्दात ‘वि’ हा उपसर्ग नाही आणि नवराही नाही. विधवा हा शब्द आधीचा. त्याची चुकीची फोड करून लोकांनी ‘धव’ वेगळा काढला, मग त्याला ‘स’ जोडून सधवा घडवली.

हे सगळे तू कँटीनमध्ये सांगितलेस तेव्हा मी तुझ्यावर अमरकोश फेकला होता, ‘धवः प्रियः पतिर्भर्ता’ म्हणून, म्हणजे नवऱ्याच्या शब्दांत धव पहिलाच. वर ‘धव नसेल तर तुझ्या माधवचे काय होणार’ असेही विचारले होते, आणि तू चहा अर्धा टाकून उठून गेली होतीस. बिचारे माधवराव तेव्हा नुसते शेजारच्या बाकावर बसत होते! पण खरे सांगते, मी त्या वेळी वेदांतल्या शब्दांची फोड सांगणारे यास्काचे निरुक्तसुद्धा नीट वाचले नव्हते. यास्काला स्वतःला खात्री नव्हती. तो या एका शब्दाला चार वाटांनी जाऊन पाहतो: आधार नसलेली, थरथरणारी, सैरावैरा धावणारी, आणि सर्वांत शेवटी ‘किंवा धव हे माणसाचे नाव आहे’. तो ‘किंवा’ आपण परीक्षेसाठी गाळून टाकला आणि जन्मभर त्यालाच अर्थ म्हणत राहिलो.

आणखी एक गोष्ट वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. इंग्रजीत पुरुषासाठीचा ‘विडोअर’ हा शब्द बाईच्या शब्दाला शेपूट लावून मागाहून घडवला गेला. एरवी बहुधा उलटे होते. आणि अकराव्या शतकात इंग्लंडवर राज्य करणाऱ्या कनूट राजाच्या कायद्यात एक कलम आहे: विधवेने बारा महिने नवऱ्यावाचून राहावे आणि मग तिला स्वतःला जे हवे ते तिने निवडावे. कलम एवढ्यावर संपत नाही. वर्षाच्या आत लग्न केले तर पहिल्या नवऱ्याकडून आलेले सगळे गमावण्याची शिक्षा त्यातच आहे, त्यामुळे त्या राजाला मी फार मोठे म्हणत नाही. पण ‘तिला स्वतःला जे हवे ते’ हे शब्द हजार वर्षांपूर्वी त्याच ‘विदुवे’ला जोडून लिहिले गेले होते.

आता माझी काळजी अशी आहे की यातले वहिनीला काय सांगू? मी दिलेला अर्थ चुकीचा होता, हे सांगायलाच हवे. पण खरा अर्थ ‘रिती झालेली’ असा आहे, हे आठ महिन्यांपूर्वी रिकाम्या झालेल्या घरात तिच्यासमोर बसून कोणत्या तोंडाने सांगू? कधी वाटते की तिला हाच बरा वाटेल, कारण त्यात निदान तीच आहे, तिलाच काहीतरी झाले आहे. कधी वाटते की हे माझे पुस्तकी समाधान आहे आणि तिला फक्त ती दोन अक्षरे पत्रिकेतून जायला हवी आहेत. काका म्हणतात, नुसते नाव छापले तर लोक विचारतील. मी त्यांना काहीच उत्तर दिले नाही, हेही मला डाचते आहे. तू असतीस तर दिले असतेस.

माधवरावांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट झाले ना? ओंकारला नोकरी लागल्याचे कळले, त्याला माझे आशीर्वाद सांग. तुझ्या बदलीचे काय झाले तेही कळव.

प्रूफ सोमवारी परत द्यायचे आहे. ते अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे, त्या चौकोनासकट. रविवारी दुपारी मी वहिनीशी बोलणार आहे. त्याआधी फोन कर. या वेळी मी ठेवणार नाही.

तुझीच,
मीरा