‘बिट-परफेक्ट’ म्हणून विकलेल्या स्ट्रीमरच्या डिजिटल आउटपुटमध्ये बदललेला डेटा

प्रति,
ग्राहक सेवा आणि फर्मवेअर विभाग

विषय : ताज्या फर्मवेअरनंतर कोॲक्सिअल आउटपुटमधून मूळ ऑडिओ जसाच्या तसा मिळत नसल्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या नेटवर्क स्ट्रीमरच्या (नेटवर्क किंवा ड्राइव्हवरून गाणी वाजवणाऱ्या यंत्राच्या) खोक्यावर आणि माहितीपुस्तिकेत डिजिटल आउटपुट ‘बिट-परफेक्ट’ असल्याचे, म्हणजे फाइलमधला डेटा एकही आकडा न बदलता बाहेर येत असल्याचे छापले आहे. मागच्या फर्मवेअरपर्यंत (यंत्रातल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीपर्यंत) ते खरे होते, आता नाही. आवाज पसंत पडला नाही अशी ही तक्रार नव्हे. फाइलमधले आकडे आणि आउटपुटमधून बाहेर पडणारे आकडे जुळत नाहीत, अशी आहे. हे कानावर सोडायची गरजच नाही, मोजून दाखवता येते. म्हणून चाचणी कशी केली ते आधी सांगतो, म्हणजे आपल्या अभियंत्यांना तीच करून पाहता येईल.

स्ट्रीमरमध्ये व्हॉल्यूम ‘फिक्स्ड’ ठेवला. इक्वलायझर, रूम करेक्शन, क्रॉसफेड, रिप्लेगेन आणि अपसॅम्पलिंग या आवाजात बदल करणाऱ्या सगळ्या सोयी बंद. गाणी ऑनलाइन सेवेवरून न घेता यूएसबी ड्राइव्हवरच्या फ्लॅक आणि वेव्ह (आवाजाचा डेटा न गमावणाऱ्या) फाइल वाजवल्या, कारण सेवा स्वतःच लाउडनेस बदलत असेल तर दोष कुणाचा हे ठरवता येत नाही. कोॲक्सिअल (केबलमधून डिजिटल ऑडिओ देणारे) आउटपुट ७५ ओहमच्या केबलने साउंड कार्डाच्या डिजिटल इनपुटला जोडले आणि २४ बिटमध्ये रेकॉर्ड केले. कार्डाचे घड्याळ ‘एक्स्टर्नल’ म्हणजे येणाऱ्या सिग्नलवर लॉक केलेले हवे. ते ‘इंटर्नल’वर राहिले तर दोन घड्याळे हळूहळू एकमेकांपासून सरकतात, मधूनच एखादे सॅम्पल (आवाजाच्या एका क्षणाचा मोजलेला आकडा) गळते किंवा दुबार येते, आणि निर्दोष यंत्रही नापास दिसते. रेकॉर्डिंग साउंड कार्डाशी थेट बोलणाऱ्या असिओ ड्रायव्हरमधून केले, कारण विंडोजचा सामायिक मिक्सर मध्ये आला की तोच आकडे बदलू शकतो.

नंतर मूळ फाइल आणि रेकॉर्डिंग एडिटरमध्ये सॅम्पलला सॅम्पल जुळवून ठेवले, एकाची फेज उलटी केली (अधिकचे उणे, उणेचे अधिक) आणि दोन्ही मिसळले. डेटा तोच असेल तर बाकी शून्य उरते. अगदी हळू आवाज उरला तर ते शून्य नव्हे. मीटरवर उणे अनंत दिसायला हवे. तीच केबल आणि तेच कार्ड वापरून तीच फाइल संगणकाच्या डिजिटल आउटपुटमधून पाठवली, तेव्हा बाकी पूर्ण शून्य आली. म्हणजे मोजणीची साखळी स्वच्छ आहे.

आपल्या स्ट्रीमरची बाकी मात्र शून्य येत नाही. उरलेल्या ट्रॅकमध्ये तेच गाणे स्पष्ट ऐकू येते, मूळच्या सुमारे २५ डेसिबल खाली. आकडे इकडेतिकडे बिघडले असते तर खरखर किंवा टकटक उरली असती. गाणे सबंध उरते याचा अर्थ प्रत्येक सॅम्पलला एकाच संख्येने गुणले जात आहे.

ती संख्या शोधायला एक साधी वेव्ह फाइल बनवली. १६ बिट, सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल), प्रत्येक सॅम्पलची किंमत १६३८४. (ही फाइल ॲम्प्लिफायर किंवा स्पीकरवर कधीही वाजवू नये, ती थेट डीसी, म्हणजे न बदलणारा एकसारखा दाब आहे. केवळ डिजिटल रेकॉर्डिंगसाठी.) २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये हाच आकडा २५६ पट, म्हणजे ४१९४३०४ दिसायला हवा. प्रत्यक्षात ३९५९६७८ दिसतो. हे गुणोत्तर ०.९४४०६ आहे, म्हणजे बरोबर उणे ०.५ डेसिबल. शिवाय १६ बिटच्या फाइलचे खालचे ८ बिट आउटपुटमध्ये रिकामे असायला हवेत. इथे त्यांत १२६ भरलेले आहे. यंत्राने सॅम्पल उचलले, गुणले आणि पुढे ढकलले, याचा यापेक्षा उघड पुरावा दुसरा नाही. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या फाइलचेही गुणोत्तर तेच. फाइलची पातळी २० डेसिबल खाली आणली तरी घट तेवढीच राहते, तेव्हा हा लिमिटर (फक्त मोठा आवाज दाबणारी सोय) नव्हे, कायमची घट आहे.

दुसरा दोष वेगळा आहे. ४४.१ च्या गाण्यानंतर त्याच प्लेलिस्टमध्ये ४८ किलोहर्ट्झची फाइल आली की आउटपुट ४४.१ वरच अडकून राहते. ६० सेकंदांच्या फाइलमध्ये २८,८०,००० सॅम्पल असतात, रेकॉर्डिंगमध्ये २६,४६,००० मिळतात. तीच फाइल स्वतंत्रपणे वाजवली तर ४८ वर येते. दोन गाण्यांत खंड पडू नये म्हणून आउटपुट उघडेच ठेवायचे आणि पुढची फाइल त्या रेटला रूपांतरित करून ढकलायची, असे काहीतरी नव्या फर्मवेअरमध्ये आले असावे. सॅम्पल रेट बदलतो तिथे क्षणभर शांतता चालेल. गुपचूप रूपांतर चालणार नाही.

आपल्या सेवा केंद्राने केबल बदलायला सांगितली. केबल सदोष असती तर आवाज तुटला असता, टकटक झाली असती किंवा लॉक सुटले असते. प्रत्येक सॅम्पल नेमके अर्ध्या डेसिबलने कमी करणारी केबल नसते. फॅक्टरी रीसेटनेही काही बदलले नाही. ‘स्क्रीनवर ४४.१ दिसते, म्हणजे ठीक आहे’ हे उत्तर तर विषयालाच सोडून आहे. स्क्रीन सॅम्पल रेट सांगते, सॅम्पलची किंमत नाही.

‘एवढा फरक ऐकू येत नाही’ असेही कळवले गेले. दोन यंत्रांची तुलना करताना अर्धा डेसिबल पुरेसा असतो, किंचित मोठा आवाज ‘जास्त चांगला’ वाटतो आणि तुलनाच फसते. आणि डीटीएस (अनेक स्पीकरसाठीचा संकेतबद्ध आवाज) सीडीवरून काढलेल्या फाइलचे काय? तिच्यातले आकडे आवाजाचे नसून संकेताचे असतात. पूर्वी ती वाजवली की एव्ही रिसीव्हरवर डीटीएसचा दिवा लागत असे. आता दिवा लागत नाही आणि स्पीकरमधून नुसता फसफसाट येतो. ही चाचणी होय किंवा नाही एवढेच सांगते, २४ बिटबद्दल काहीच सांगत नाही, पण ती कुणालाही दोन मिनिटांत करता येते. आवाज आधीच कमी करून ठेवावा.

सॅम्पलच्या मधली शिखरे डॅकच्या (डिजिटल आकड्यांचा ॲनालॉग आवाज करणाऱ्या भागाच्या) फिल्टरमध्ये छाटली जाऊ नयेत म्हणून थोडी जागा राखणे हे समजण्यासारखे कारण आहे. तो हेतू असेल तर ती घट यंत्रातल्या डॅकपुरती, ॲनालॉग आउटपुटच्या वाटेवर ठेवावी. डिजिटल आउटपुट घेणाऱ्याचा डॅक वेगळा असतो. त्याची काळजी कशी घ्यायची ते त्याला ठरवू द्यावे.

माझ्या मागण्या अशा. ‘फिक्स्ड’ निवडल्यावर डिजिटल आउटपुटच्या वाटेत कोणतेही गणित राहू नये आणि प्रत्येक फाइलला तिचा मूळ सॅम्पल रेट मिळावा, अशी दुरुस्ती करावी. ती येईपर्यंत जुने फर्मवेअर परत टाकण्याची सोय द्यावी, सध्या यंत्र जुनी आवृत्ती स्वीकारतच नाही. यातले काहीच शक्य नसेल तर खोक्यावरचा ‘बिट-परफेक्ट’ हा शब्द काढून टाकावा आणि यंत्र परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी.

१६३८४ ची चाचणी फाइल, तिचे रेकॉर्डिंग, ४८ किलोहर्ट्झची जोडी आणि सेटिंगच्या पडद्यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. उत्तर फर्मवेअर विभागाकडून, लेखी आणि १५ दिवसांत मिळावे. त्यात आपल्या प्रयोगशाळेत हीच फाइल वाजवून आलेला आकडा कळवावा.

आपला,
एक ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, यंत्राचा अनुक्रमांक, वरील फाइल