अडकलेले झाड अजून पडायचे आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वादळानंतरच्या आवराआवरीविषयी कालच्या अंकात आलेला लेख मी दोनदा वाचला, आणि त्यातल्या अडकलेल्या झाडांविषयीच्या परिच्छेदाने इतका अस्वस्थ झालो, की आज सकाळी बाकी सगळे बाजूला ठेवून हे पत्र लिहायला बसलो आहे. उन्मळलेले झाड शेजारच्या झाडात अडकले असेल तर ज्याने त्याला तोलून धरले आहे ते झाड तोडावे म्हणजे दोन्ही एकदम खाली येतात, आणि ते जमण्यासारखे नसेल तर बुंध्याकडून तुकडे कापत जावे, असा सल्ला आपल्या लेखकाने दिला आहे. हे दोन्ही उपाय माणसाचा जीव घेणारे आहेत. मी रागाने लिहीत असलो तरी या वाक्यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही.

दुसरा उपाय आमच्या घरात करून झालेला आहे. मी तेव्हा १९ वर्षांचा होतो आणि माझा थोरला भाऊ २६ वर्षांचा. रात्रीच्या वादळात एक झाड बुडाशी मोडले होते. त्याचा बुंधा जमिनीवर टेकला होता आणि शेंडा शेजारच्या झाडाच्या बेचक्यात जाऊन बसला होता. भिंतीला शिडी टेकवून ठेवावी तसे ते दिसत होते आणि तितकेच निरुपद्रवी वाटत होते. दादाने यंत्रकरवतीने खालून हातभर लांबीचा पहिला तुकडा कापला. वरचे खोड धपकन खाली बसले आणि पुन्हा स्थिर झाले. दुसरा तुकडा तसाच निघाला, तिसराही निघाला. प्रत्येक तुकड्यागणिक खोड थोडे थोडे उभे होत चालले आहे हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही, कारण आमची नजर करवतीच्या पात्यावर होती आणि वर कोणी पाहतच नव्हते. चौथ्या वेळी खोडाने करवत चापून धरली. ती सोडवण्यासाठी दादा वाकला, त्याने एक हिसका दिला, आणि तेवढ्याने शेंडा बेचक्यातून निसटला. झाड आधी ज्या दिशेला कललेले होते त्या दिशेला पडेल अशी आमची समजूत होती, पण एव्हाना ते जवळजवळ उभे झालेले होते, आणि उभ्या झाडाला सगळ्या दिशा मोकळ्या असतात. ते उलटे, कापणाऱ्याच्या अंगावर आले.

मी पाच पावलांवर दोराचे टोक धरून उभा होतो. दोर खोडाला बांधलेला होता, पण तो कशासाठी धरायचा हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. झाड आले तेव्हा तो माझ्या हातात सैलच होता. दादाची मांडी दोन ठिकाणी मोडली. माणसे जमा होऊन ओंडका उचलेपर्यंत मी वर बेचक्याकडे पाहत राहिलो होतो, हे मला आजही आठवते. तिथली साल खरवडून निघाली होती आणि आतला ओला पांढरा पट्टा खालूनसुद्धा स्पष्ट दिसत होता. दादा पाच महिने अंथरुणावर होता. अजूनही जिना उतरताना तो मोडलेला पाय आधी खाली ठेवतो, मग दुसरा त्याच पायरीवर आणतो, आणि मग पुढच्या पायरीचा विचार करतो.

वजनाचा अंदाज नसल्यामुळे माणसे असे धाडस करतात, असे माझे मत आहे. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण ८०० ते १००० किलो भरते. म्हणजे ४० सेंटीमीटर जाडीचे आणि अवघे ६ मीटर लांबीचे खोड घेतले, तरी फांद्या सोडून ६०० ते ७५० किलो झाले. हे वजन एका बेचक्यावर किंवा दोन फांद्यांच्या चिमटीत लटकलेले असते, आणि ते कधी सुटेल याचा काही नेम नसतो. अशी झाडे कोणी हात न लावतासुद्धा काही तासांनी किंवा काही दिवसांनी, साध्या वाऱ्याने खाली आलेली आहेत.

आता पहिल्या उपायाविषयी. आधार देणारे झाड तोडायचे म्हणजे तोडणाऱ्याने त्या लटकलेल्या वजनाच्या बरोबर खाली उभे राहायचे. शिवाय ते आधाराचे झाड मुकाट्याने उभे नसते, ओझ्याने ते वाकलेले असते आणि त्याच्या खोडात ताण साठलेला असतो. अशा खोडात करवत अर्ध्यापर्यंत जाते न जाते तोच ते उभे चिरते आणि चिरलेला भाग कापणाऱ्याच्या छातीच्या किंवा तोंडाच्या उंचीवर मागे उसळतो. आधी कोणते झाड येणार आणि कोणत्या बाजूला येणार, हे अनुभवी लाकूडतोड्यालाही सांगता येत नाही. अडकलेल्या झाडावर तिसरे झाड पाडून त्याला खाली आणण्याचा प्रकारही काही जण करतात, तोही याच जातीचा आहे. आणि वादळात टिकून राहिलेले एक निरोगी झाड आपण विनाकारण घालवतो, याचेही मला वाईट वाटते.

मग करायचे काय, हे लेखात यायला हवे होते. झाड विजेच्या तारेला टेकले असेल किंवा तारेजवळ असेल तर त्याला हात लावायचाच नाही. ओल्या झाडातून वीज वाहते, त्यामुळे वीजपुरवठा करणाऱ्यांनी प्रवाह बंद केल्याची खात्री करून दिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही. तार नसेल तर त्या झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरापर्यंत सगळ्या बाजूंनी जागा रिकामी करायची, दोरी बांधायची आणि मुलांना व बघ्यांना तिथून हलवायचे. त्यानंतर घाई न करता नुसते पाहायचे. शेंडा नेमका कशात अडकला आहे, वर मोडून लोंबणारी एखादी फांदी आहे का, बुंधा मुळापासून तुटला आहे की मुळांचा गड्डा अजून त्याला धरून आहे, हे सगळे दुरून पाहून ठरवायचे असते. गड्डा जोडलेला असताना खोड कापले तर मातीसकट तो गड्डा पुन्हा खड्ड्यात आपटू शकतो, म्हणून त्या खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या मागे कोणीही उभे राहता कामा नये.

झाड लहान असेल तर खोडाला पट्टा गुंडाळून, त्यात मजबूत दांडा घालून, बाजूला उभे राहून ते स्वतःभोवती फिरवता येते, आणि पुष्कळदा तेवढ्याने शेंडा मोकळा होतो. मोठ्या झाडाचा बुंधा मागे, म्हणजे शेंडा कलला आहे त्याच्या उलट दिशेला, हाताने चालवायच्या विंचने किंवा चेन पुलीने हळूहळू ओढून घ्यायचा असतो. बुंधा मागे सरकत गेला की खोड आडवे होत जाते आणि शेंडा घसरत खाली उतरतो. दादाच्या वेळी नेमके याच्या उलट झाले होते. ओढणारा माणूस दोराच्या रेषेत नसावा, म्हणून दोर मध्ये एका कप्पीवरून वळवून घेतात आणि ओढणारा बाजूला, पुरेशा अंतरावर राहतो. नायलॉनचा दोर ताणला जाऊन तुटला तर चाबकासारखा परत येतो, त्यामुळे या कामाला तो चालत नाही. गाडीला दोर बांधून हिसका देणे हेही मला सर्वस्वी चुकीचे वाटते. हिसक्याने दोर तुटतो, आणि झाड कुठे येते आहे हे चालकाला दिसतही नाही.

झाड पूर्ण जमिनीवर आले म्हणजेच कापायला घ्यावे, आणि तेव्हासुद्धा वाकलेल्या फांदीच्या दबलेल्या बाजूने आधी थोडी खाच घेऊन मग ताणलेल्या बाजूने सावकाश कापावे. फांदी ज्या बाजूला उसळेल त्या बाजूला उभे राहू नये. हे काम एकट्याने कधीही करू नये. यातले काही साधत नसेल, तर जागा बंद करून जाणकार माणूस येईपर्यंत थांबावे. एक दिवस रस्ता अडला तर काही बिघडत नाही.

लेखासोबतच्या छायाचित्राविषयीही लिहिणे भाग आहे. शिडीवर चढलेला, डोक्यावर शिरस्त्राण नसलेला, एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने यंत्रकरवत चालवणारा मनुष्य, आणि त्याच्या खाली उभी असलेली पाच माणसे, असे ते छायाचित्र आहे. यंत्रकरवतीचे पाते उसळते तेव्हा ते दोन हातांनाही आवरत नाही. आपण ते कौतुकाच्या ओळीसह छापले आहे.

गेल्या वर्षी याच विषयावर मी आपल्याला पत्र पाठवले होते. ते आपण छापलेत याबद्दल मी आभारी आहे, परंतु जागेअभावी त्यातली काही वाक्ये गाळली गेली आणि त्यात झाडाच्या दुप्पट उंचीइतके अंतर ठेवण्याविषयीचे वाक्यही गेले. उरलेल्या पत्रात वादळाचे वर्णन तेवढे शिल्लक राहिले. या वेळी काही कापायचेच असेल तर दादाविषयीचा मजकूर कापावा, पण अंतराचे आणि तारेचे वाक्य राहू द्यावे, आणि कालच्या दोन्ही सल्ल्यांची दुरुस्ती लेख आला त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत, पुढचे वादळ येण्यापूर्वी छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक