थर्माकोलच्या पेशीला बक्षीस, सूक्ष्मदर्शीला बुरशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की वृत्तपत्रांत बक्षीसपात्र प्रतिकृतींची छायाचित्रे येतात आणि त्यांत थर्माकोलची पेशी हमखास असते. मधोमध लाल केंद्रक, भोवती पिवळ्या तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म भाग), प्रत्येकीला टाचणीने लावलेली चिठ्ठी. मुलांच्या मेहनतीबद्दल तक्रार नाही. पण ज्या शाळेतून ही पेशी येते तिथल्या किती मुलांनी खरी पेशी पाहिली आहे, हे परीक्षक विचारत नाहीत.

आठवीच्या पुस्तकात ‘पेशी व पेशीअंगके’ आणि ‘मानवी शरीर व इंद्रिय संस्था’ हे धडे लागोपाठ आहेत. शिकवताना मात्र दोन्हींच्या आकृत्या पाठ करून घेतल्या जातात आणि पहिल्याचा दुसऱ्याशी संबंध मुलांना कळत नाही. प्रयोगवही उघडली की फसगत लगेच दिसते. ‘निरीक्षण’ या शीर्षकाखाली कांद्याच्या पेशीत तंतुकणिका काढलेल्या असतात. शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शीतून कांद्याच्या पापुद्र्यात तंतुकणिका दिसत नाहीत. दिसते ती पेशीभित्तिका, तिला आतून चिकटलेली पेशीद्रव्याची पातळ किनार आणि केंद्रक. तेही बहुतेक वेळा मधोमध नसते. मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे पेशीतल्या द्रवाने भरलेल्या पिशवीने, कडेला दाबलेले असते. वहीतले केंद्रक बरोबर मध्यात असेल तर आकृती बहुधा पुस्तकातून उतरवलेली आहे, असे खुशाल समजावे.

कोकणात यासाठी सामान शोधत फिरावे लागत नाही. अलिबागचा पांढरा कांदा घ्या. त्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्याने ओढा आणि लगेच पाण्यात टाका. हवेत राहिला तर सुरळी होते. पाच मिलिमीटरचा चौकोन पुरतो. मुले हावरेपणाने मोठा तुकडा घेतात, त्याची घडी पडते आणि दोन थरांच्या भिंती एकमेकींवर येऊन जाळे दिसते. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा, वर आयोडीनचा एक थेंब, दोन मिनिटे थांबायचे. आच्छादन काच एका कडेवर टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडायची, सपाट टाकायची नाही. सपाट टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात आणि निम्मा वर्ग त्यांनाच पेशी समजून वहीत उतरवतो. जाड काळ्या कडेचे अगदी गोल वर्तुळ दिसले तर तो बुडबुडा.

आधी १० पटींचे वस्तुभिंग (काचपट्टीकडचे भिंग). त्यातून पेशी स्पष्ट दिसल्यावरच ४५ पटींचे फिरवायचे आणि मग मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही. काचा फुटतात त्या इथेच. पेशी किती मोठी, हेही मुलांना स्वतः मोजता येते. १० पटींच्या वस्तुभिंगाखाली पारदर्शक मोजपट्टी ठेवून दृष्टिक्षेत्राचा व्यास पाहायचा. तो साधारण पावणेदोन मिलिमीटर भरतो. त्यात लांबीच्या दिशेने सात पेशी मावल्या तर एक पेशी पाव मिलिमीटरची. ‘पेशी अतिसूक्ष्म असते’ हे वाक्य पाठ करण्यापेक्षा हा भागाकार बरा.

लाल कांद्याच्या पाकळीचा बाहेरचा, जांभळा पापुद्रा घेतला तर रंगद्रव्य घालावे लागत नाही. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवून त्याचा थेंब आच्छादन काचेच्या एका कडेला सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावा. दोन-तीन मिनिटांत मिठाचे पाणी पेशीतले पाणी ओढून घेते आणि जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आत आकसतो. लगेच त्याच रीतीने साधे पाणी ओढले तर तो पुन्हा पसरतो. फार वेळ मिठात ठेवला तर पेशी मरतात आणि काहीच परत येत नाही. मीठ लावलेल्या कैरीला पाणी का सुटते आणि खारबांधाला (खाडीचे पाणी अडवणाऱ्या बांधाला) खांड पडून खाडीचे पाणी शिरलेल्या खाचरातला भात का सुकतो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मुलांना तिथेच सापडते.

पचनसंस्थेसाठी पेजेइतके सोयीचे काही नाही. पेजेचे वरचे पाणी एक चमचा, १०० मिली पाण्यात. दोन परीक्षानळ्यांत पाच-पाच मिली. एकीत एक मिली लाळ, दुसरीत तेवढेच साधे पाणी. दोन्ही दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात उभ्या करायच्या. मग दोन्हींत आयोडीनचा एकेक थेंब. पिष्टामुळे साध्या पाण्याची नळी निळी-काळी होते, लाळेची होत नाही, कारण लाळेने पिष्ट फोडलेले असते. प्रयोग फसतो तो तीन कारणांनी. पेज दाट असते, म्हणून लाळेला सगळे पिष्ट फोडता येत नाही. पाणी कडकडीत असते, म्हणून लाळेतले विकर (पिष्ट फोडणारा घटक) निकामी होते. किंवा नळी गरम असतानाच आयोडीन टाकले जाते. गरम द्रावणात निळा रंग आपोआप जातो, लाळ असो वा नसो, आणि मुले चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर लिहितात. दुसरी नळी त्यासाठीच हवी, पण वेळ वाचवायला नेमकी तीच वगळतात. आयोडीन संपले असेल तर औषधाच्या दुकानातले पोव्हिडोन आयोडीन दहापट पाणी घालून चालते. लाळ ज्याची त्याने द्यावी आणि नळ्याही ज्याच्या त्याने धुवाव्यात. रक्तगट दाखवण्यासाठी वर्गात मुलांची बोटे टोचणे मात्र बंदच करावे.

श्वसनासाठी बाटली आणि फुग्याची प्रतिकृती सगळीकडे असते. ती पाहून मुले म्हणतात, हवा आत शिरते म्हणून फुप्फुस फुगते. क्रम उलटा आहे: श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडदा) खाली जाते, छातीची पोकळी वाढते, दाब कमी होतो, म्हणून हवा आत येते. शिवाय बाटली कडक असते, बरगड्या हलतात हे त्यात दिसतच नाही. त्याऐवजी, निदान त्याच्या जोडीला, एक ताजा बांगडा आणावा. कात्रीने कल्ल्यांवरचे झाकण कापले की एका बाजूला चार लालभडक कमानी दिसतात. एक कमान सोडवून पाण्याच्या बशीत ठेवा: तिचे तंतू सुटे होऊन पसरतात. उचलून बाहेर धरा: सगळे एकमेकांना चिकटून एक ओला झुपका होतो. मासा पाण्याबाहेर का गुदमरतो हे याहून नीट सांगता येणार नाही. पातळ, ओलसर, रक्ताने भरलेला आणि खूप मोठा पृष्ठभाग. आपल्या फुप्फुसांतल्या वायुकोशांचे (हवेच्या बारीक पिशव्यांचे) कामही असेच चालते. तपकिरी, बुळबुळीत कल्ले घेऊ नयेत, तंतू पसरत नाहीत. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा हा भाग नारळी पौर्णिमेनंतर घ्यावा. ज्या मुलांना मासा चालत नाही त्यांना हात लावायची सक्ती नको.

आता खरी अडचण. आपल्या दमट हवेत चार महिने लाकडी खोक्यात बंद राहिलेल्या सूक्ष्मदर्शीच्या भिंगांवर बुरशीचे पांढरे धागे चढतात. ती वेळेत निघाली नाही तर काच कायमची खरवडल्यासारखी होते आणि मग ‘सूक्ष्मदर्शी बिघडला’ अशी नोंद होऊन तो कपाटावर जातो. डांबराच्या गोळ्या टाकून ओल जात नाही. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात वस्तुभिंगे आणि नेत्रिका (डोळ्याकडची भिंगे) काढून ठेवाव्यात, सोबत मूठभर सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे खडे. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत परतून पुन्हा वापरता येतात. तो तवा मग स्वयंपाकाला घेऊ नये. भिंगे काढल्यावर सूक्ष्मदर्शीच्या नळीची तोंडे उघडी ठेवू नयेत, धूळ आत बसते. भिंग रुमालाने पुसू नये. आधी रबरी फुंकणीने धूळ उडवावी, मग भिंग पुसायच्या खास कागदाने हलक्या हाताने पुसावे.

शिक्षण विभागाकडे आमच्या दोनच मागण्या आहेत. मे महिन्यात भिंगे डब्यात गेली का, याची शाळातपासणीत नोंद व्हावी. आणि प्रदर्शनात पेशीची प्रतिकृती मांडणाऱ्या मुलाकडून परीक्षकांनी तिथेच कांद्याची एक काचपट्टी करवून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे, आणि गुण त्यालाही असावेत.

– काही विज्ञान शिक्षक, रत्नागिरी जिल्हा